शितावरून भाताची परीक्षा

मासिकांत परीक्षणासाठीं बहुधा पुस्तकें येतात. कादंबरी, काव्यसंग्रह, नाटक, क्वचित् एखादा शास्त्रीय ग्रंथ, यांचे गुणदोष सांगणें हें टीकाकाराचें नित्याचें काम. परंतु ज्या लिखाणाला बांधणी नाहीं, मुखपृष्ठ नाहीं आणि ज्याचें आयुष्य अवघें दोन-तीन दिवसांचें, असें एक लिखाण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घराघरांतून इतक्या उत्सुकतेनें वाचलें व पाहिलें जात आहे कीं, टीकाकारानें त्याकडे काणाडोळा करणें यापुढें योग्य होणार नाहीं. मतदानाचा शेवटचा टप्पा संपतांच त्याच सायंकाळीं दूरचित्रवाणीवर व दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध होणारी मतदानोत्तर चाचणी, म्हणजे ज्याला सर्वजण 'एक्झिट पोल' म्हणतात, तेंच हें लिखाण होय. त्यांत आंकडे असतात, कोष्टकें असतात, ठाम निष्कर्षहि असतो. आधार मात्र बहुधा दिलेला नसतो. एखाद्या इतिहासकारानें विधान केलें तर 'याला प्रमाण काय?' असें आपण निःसंकोचपणें विचारतों. तोच प्रश्न या चाचण्यांस विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मत देऊन आलेल्या मतदाराला 'आपण कोणास मत दिलेंत?' असें विचारावयाचें आणि अशा कांहीं हजार किंवा कांहीं लाख उत्तरांवरून सबंध राज्याचा वा देशाचा कौल सांगावयाचा, ही या चाचणीची मूळ कल्पना. निवडणुकीपूर्वीं होणाऱ्या जनमत-चाचणीहून ती अधिक भरंवशाची समजली जाते, कारण येथें 'काय कराल?' असें न विचारतां 'काय केलेंत?' असें विचारलेलें असतें. अमेरिकेंत १९६७ सालीं केंटकी राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकींत वॉरन मिटॉफ्स्की यांनीं ही रीत वापरली, आणि आपल्याकडे १९९६ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं दूरदर्शनमुळें ती घरोघर पोंचली. पुढें २००९ सालीं लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन १२६-अ हें कलम आलें. पहिल्या दिवशीं मतदान सुरू झाल्यापासून सर्व ठिकाणचें मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत अशी चाचणी घेणें वा तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणें हा आतां गुन्हा असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्हीहि शिक्षा आहेत. चाचणी केव्हां प्रसिद्ध करावी हें या कलमानें ठरविलें. ती कशी केली हें सांगण्याचें बंधन मात्र त्यानें कोणावर घातलें नाहीं. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ या उणिवेंत आहे.

२०२४ सालचा अनुभव वाचकांच्या स्मरणांत असेलच. १ जूनच्या सायंकाळीं बहुतेक चाचण्यांनीं राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेंहून अधिक जागा देऊन टाकल्या. कांहींचा हात तर चारशेंपर्यंत गेला. सोमवार ३ जूनला मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक सुमारें २,५०० अंशांनीं चढला, आणि ४ जूनला प्रत्यक्ष मतमोजणी सुरू होतांच सुमारें ४,४०० अंशांनीं कोसळला. आघाडीला २९३ जागा मिळाल्या; भारतीय जनता पक्षाला स्वबळावर २४०, म्हणजे बहुमताला लागणाऱ्या २७२ हून बत्तीस कमी. उत्तर प्रदेशांतील ८० जागांपैकीं साठांहून अधिक या आघाडीच्या पदरांत पडतील असें बहुतेकांचें सांगणें होतें, पडल्या ३६. बंगालमध्यें भारतीय जनता पक्ष तृणमूल काँग्रेसच्या पुढें जाईल असें अनेकांनीं वर्तविलें. निकाल लागला तो तृणमूल २९ आणि भारतीय जनता पक्ष १२ असा.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, चाचणी घेणारे एका पक्षाचे मिंधे असल्यामुळें असें झालें. हा निष्कर्ष सोपा आहे म्हणूनच त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हरियाणाच्या विधानसभेच्या चाचण्यांनीं एकमुखानें काँग्रेसचा विजय सांगितला, आणि ९० पैकीं ४८ जागा भारतीय जनता पक्षानें जिंकल्या. काँग्रेसला ३७ मिळाल्या. नोव्हेंबरांत आपल्या महाराष्ट्रांत बहुतेक चाचण्यांनीं महायुतीची सरशी सांगितली खरी, परंतु २८८ पैकीं २३० जागांच्या जवळपासहि त्या फिरकल्या नाहींत. म्हणजे सहा महिन्यांच्या आंत एकाच पक्षाला एकदां फार अधिक आणि दोनदां फार कमी जागा दिल्या गेल्या. पक्षपाताच्या आरोपानें या दोन्ही बाजूंच्या चुकांचा उलगडा होत नाहीं. दोष माणसांच्या निष्ठेंत शोधण्यापेक्षां पद्धतींत शोधणें अधिक फलदायी होईल.

शिवाय, चुकणें हा आमच्या मतें मुख्य दोषच नव्हे. २०१९ सालीं याच प्रकारच्या चाचण्यांनीं आघाडीला स्पष्ट बहुमत सांगितलें आणि तें ३५३ जागांनीं खरें ठरलें. पण किडा लांकूड पोखरीत जातो आणि त्यांतून एखादे वेळीं अक्षरासारखी आकृति उमटते, म्हणून किड्याला लिहितां येतें असें आपण म्हणत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं त्याला घुणाक्षरन्याय असें नांवच देऊन ठेविलें आहे. एखादी चाचणी बरोबर आली ती ज्ञानामुळें कीं योगायोगानें, आणि चुकली ती कोणत्या पायरीवर, हें बाहेरच्या माणसाला तपासतां आलें पाहिजे. ज्या आंकड्याची अशी तपासणी होऊं शकत नाहीं तो चुकला तरी त्यापासून शिकण्यासारखें कांहीं नसतें, आणि बरोबर आला तरी विश्वासण्यासारखें कांहीं नसतें.

या चाचण्यांचे पुरस्कर्ते शितावरून भाताची परीक्षा करतां येते या म्हणीचा आधार घेतात. म्हण खोटी नाहीं. सर्व नमुना-पाहणीचें शास्त्र तिच्यांतच आहे. परंतु ज्या गृहिणी रोज ही परीक्षा करतात त्यांना ठाऊक असतें कीं, भात एकाच भांड्यांतला पाहिजे, तो सर्वत्र सारखा शिजलेला पाहिजे, आणि शीत केवळ वरच्या थरांतून उचललेलें नसावें. चाचणींतील शितें कशीं उचललीं जातात तें आतां पाहूं.

पहिली पायरी निवडीची. आपला नमुना पांच लाखांचा, आपला सात लाखांचा, अशी चढाओढ चाचणीच्या जाहिरातींतून दिसते. ऐकणाराला वाटतें कीं, जितकीं माणसें अधिक तितकें सत्य जवळ. अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें १९३६ सालीं सुमारें एक कोटि मतदारांना पत्रें धाडलीं आणि तेवीस-चोवीस लाख उत्तरें गोळा केलीं. त्यांवरून त्यानें लँडन यांना सुमारें ५७ टक्के मतें दिलीं. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांना ६० टक्क्यांहून अधिक मतें मिळालीं आणि ४८ पैकीं ४६ राज्यें त्यांनीं जिंकलीं. पत्त्यांच्या याद्या टेलिफोन व मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या होत्या, आणि आलेल्या पत्राला आपण होऊन उत्तर देणारेहि सर्वसाधारण मतदारांसारखे नव्हते. ती मतदानपूर्व पाहणी होती, पण तिचा धडा येथेंहि तंतोतंत लागू पडतो. तिरकस निवडीचा तिरकसपणा संख्या वाढवून सरळ होत नाहीं. चुकीचा आंकडा अधिक आत्मविश्वासानें सांगितला जातो एवढेंच.

दुसरी पायरी उत्तराची. निवड निर्दोष झाली तरी निवडलेला माणूस बोलला पाहिजे आणि खरें बोलला पाहिजे. २००४ च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकींत दुपारपासून फुटलेले चाचण्यांचे आंकडे केरी यांना अनुकूल होते आणि निवडून आले बुश. चाचणी करणाऱ्या संस्थांनींच, त्यांत उपर्युक्त मिटॉफ्स्कीहि होते, जानेवारी २००५ मध्यें सविस्तर अहवाल काढून सांगितलें कीं, केरी यांचे मतदार प्रश्नपत्रिका भरून देण्यास अधिक तत्पर होते. बुश यांचे मतदार तितके नव्हते. ज्या देशांत आपलें मत सांगितल्यानें बहुधा कोणाचें बिघडत नाहीं तेथें ही स्थिति; मग आपल्या खेड्यांतील मजुराची काय असेल? ज्याच्या शेतावर रोज कामाला जावयाचें त्याचा माणूस चार पावलांवर उभा असतांना, हातीं यंत्र घेतलेल्या परक्या तरुणापुढें तो काय बोलेल? नवऱ्याबरोबर आलेली स्त्री काय बोलेल? मौन सर्व समाजांत सारखें वांटलेलें नसतें. दुर्बळांच्या वांट्याला तें अधिक येतें. आणि दुर्बळांचें मौन वजा जातां उरलेल्या उत्तरांस जनतेचा कौल म्हणणें यांत केवळ गणिताची चूक नाहीं.

अशा पद्धतशीर चुकीचें एक उद्बोधक उदाहरण आपल्याच एका संख्याशास्त्रज्ञाच्या कामांत सांपडतें. साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पीककापणीच्या प्रयोगांची चिकित्सा केली. शेतांतील अगदीं लहान तुकडा आंखून त्यावरून एकरीं उत्पन्न काढलें तर तें वास्तवाहून अधिक येतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. आंखलेल्या सीमेवर जीं रोपें येतात त्यांना आंत ओढून घेण्याकडे कापणाराचा नकळत कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितकें या सीमेवरच्या रोपांचें प्रमाण अधिक. असे हजार तुकडे कापले तरी चूक जात नाहीं. ती कळली कशी, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. लहान तुकड्यांवरून आलेलें उत्पन्न मोठ्या क्षेत्राच्या प्रत्यक्ष कापणीशीं ताडून पाहिल्यामुळें ती कळली. नमुन्याचा अंदाज आणि प्रत्यक्षाचें माप एकाच जागीं समोरासमोर ठेवावयाचें, यापलीकडे त्यांत कांहीं गूढ नव्हतें. या रीतीकडे आम्ही पुढें पुन्हां येणार आहों.

तिसरी पायरी सर्वांत निसरडी. ती मतांवरून जागा काढण्याची. मतदार मत सांगतो, जागा सांगत नाहीं. वर उल्लेखिलेल्या हरियाणांत भारतीय जनता पक्षाला ३९.९४ टक्के आणि काँग्रेसला ३९.०९ टक्के मतें मिळालीं. एक टक्क्याहूनहि कमी अंतर, आणि जागांत अकरांचा फरक! १,००० माणसांच्या निर्दोष नमुन्यांतहि एकेका पक्षाच्या टक्केवारींत सुमारें तीन टक्के इकडेतिकडे होणें स्वाभाविक असतें. हरियाणांतलें अंतर खात्रीनें ओळखावयाचें तर साध्या हिशेबानें चाळीस हजारांहून अधिक मतदारांचीं, राज्यभरांतून चिठ्ठ्या टाकून निवडावीं तशीं निवडलेलीं आणि सर्वस्वीं खरीं, उत्तरें लागलीं असतीं. मध्य प्रदेशांत २०१८ सालीं तर भारतीय जनता पक्षाला मतें किंचित् अधिक (४१.० टक्के, काँग्रेसला ४०.९) आणि जागा कमी (१०९, काँग्रेसला ११४) मिळाल्या. उत्तर प्रदेशांत २००७ सालीं बहुजन समाज पक्षाला सुमारें ३० टक्के मतांवर ४०३ पैकीं २०६ जागांचें बहुमत मिळालें. मतें आणि जागा यांचा संबंध विरोधक किती फुटले आणि कोणत्या पक्षाचीं मतें कोठें एकवटलीं यांवर अवलंबून असतो. प्रत्येक संस्थेजवळ या रूपांतराचें कांहीं सूत्र असतें. ज्या सूत्रावर सर्व निष्कर्ष उभा, तें मात्र वाचकाला कधीं दाखविलें जात नाहीं.

चाचणी तयार झाल्यानंतर तिची आणखी एक निवड होते, ती प्रसिद्ध करणाराच्या हातून. बिहारच्या २०१५ च्या निवडणुकींत बहुतेक चाचण्यांनीं अटीतटीचा सामना सांगितला, एका संस्थेनें तर राष्ट्रीय लोकशाही आघाडीला १५५ जागा दिल्या. निकालांत महागठबंधनाला १७८ आणि या आघाडीला ५८ जागा मिळाल्या. महागठबंधनाला १६९ ते १८३ जागा सांगणारी एक चाचणीहि झाली होती; परंतु ज्या वाहिनीसाठीं ती केली होती तिनें ती दाखविलीच नाहीं, आणि संस्थेला ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागली. इतरांहून वेगळा आंकडा दाखवून हसें होण्यापेक्षां सर्वांबरोबर चुकणें बरें, अशी बुद्धि या धंद्यांत सहज उत्पन्न होते. त्यामुळें दहा चाचण्या एकच गोष्ट सांगतात तेव्हां दहा साक्षीदार मिळाले असें समजूं नये. एकाचीच साक्ष दहांच्या तोंडून ऐकूं येत असण्याचा संभव असतो.

मग ही विद्याच खोटी समजावी काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ब्रिटनमध्यें १९९२ सालीं चाचणीनें कोणत्याहि पक्षाला बहुमत मिळणार नाहीं असें सांगितलें आणि हुजूर पक्ष बहुमतानें निवडून आला. त्या फजितीनंतर पद्धतीचा नव्यानें विचार झाला. जॉन कर्टिस व डेव्हिड फर्थ या अभ्यासकांनीं रचलेली जी रीत २००५ पासून चालू आहे, तींत शक्य तितक्या त्याच मतदान-केंद्रांवर प्रत्येक निवडणुकींत जातात. मतदाराला तोंडानें कांहीं सांगावें लागत नाहीं. तो एक नकली मतपत्रिका भरून पेटींत टाकतो. मागील वेळच्या त्याच केंद्रावरील उत्तरांशीं तुलना करून बदल किती झाला तें काढतात, कारण न बोलणाऱ्यांचें प्रमाण दोन्ही वेळां साधारण सारखें असेल तर त्यापासून होणारी चूक वजाबाकींत बरीचशी निघून जाते. २००५ सालीं मजूर पक्षाला ६६ चें मताधिक्य सांगितलें आणि तितकेंच मिळालें. २०२४ सालीं त्याच पक्षाला ४१० जागा सांगितल्या आणि ४११ मिळाल्या. २०१५ सालीं हुजूर पक्षाच्या बाबतींत सुमारें पंधरा जागांची चूक झाली, म्हणजे ही रीतहि अचूक नाहीं. पण ती रीत शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेली आहे, आणि चूक झाली तर ती कोठें झाली हें दुसऱ्या अभ्यासकाला शोधतां येतें.

यावर आमच्याकडील चाचणीकार म्हणतील कीं, ब्रिटन लहान, पक्ष थोडे. आपल्या देशांत जाती, भाषा, आघाड्या यांचें जंजाळ. आक्षेप खरा आहे. परंतु एका बाबतींत आपली स्थिति ब्रिटनहून चांगली आहे, आणि तिचा उपयोग कोणी करीत नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. ब्रिटनमध्यें सबंध मतदारसंघाच्या मतपत्रिका एकत्र करून मोजतात. अमुक केंद्रावर कोणास किती मतें पडलीं हें प्रसिद्ध होत नाहीं. आपल्याकडे प्रत्येक मतदान-केंद्रावरील उमेदवारनिहाय मतें 'नमुना २०' या निकालपत्रकांत नोंदलीं जातात व तीं पत्रकें सर्वांना पाहावयास मिळतात. म्हणजे चाचणीवाल्यानें ज्या केंद्राबाहेर शंभर माणसांना विचारलें त्याच केंद्राचा खरा निकाल कांहीं दिवसांनीं सरकारी पत्रकांत येतो. सुखात्मे यांच्या रीतीनें तपासणी करण्यास याहून उत्तम सोय कोणती असूं शकेल?

आमची सूचना यावरून सहज निघते. निकाल लागल्यावर प्रत्येक संस्थेनें आपण कोणत्या केंद्रांवर गेलों, किती जणांना विचारलें, किती जणांनीं उत्तर नाकारलें आणि प्रत्येक केंद्रावर कोणत्या पक्षाला किती उत्तरें मिळालीं याचा तक्ता प्रसिद्ध करावा. तो 'नमुना २०' शेजारीं ठेवला कीं, चूक कोणत्या पायरीवरची हें स्वच्छ दिसेल. निवडलेल्या केंद्रांवरील उत्तरें तेथील निकालाशीं जुळलीं नाहींत, तर दोष उत्तरांत किंवा विचारणाऱ्यांच्या निवडींत. जुळलीं आणि तरीहि राज्याचा अंदाज चुकला, तर दोष केंद्रांच्या निवडींत किंवा सूत्रांत. व्यापारी गुपित उघडें होईल अशी तक्रार येईल. तिला उत्तर असें कीं, आपल्या औषधांत काय आहे हें सांगण्यास जो वैद्य तयार नाहीं त्यानें तें सबंध देशाला एकाच सायंकाळीं पाजूं नये. मतदाराची गुप्तताहि यानें भंगत नाहीं. केंद्रवार मतें आजहि जाहीर होतातच, आणि व्यक्तीचें नांव तक्त्यांत घालण्याचें कारण नाहीं.

हा वाद केवळ विद्वानांच्या करमणुकीचा असता तर आम्हीं वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. शेअरबाजारांत ज्यांचें नुकसान झालें त्यांच्याविषयीं आम्हांस सहानुभूति आहे, परंतु तेंहि नुकसान भरून येण्यासारखें आहे. खरें भय निराळें आहे. चाचणीचा आंकडा एकदां मनांत बसला कीं, प्रत्यक्ष निकाल त्याच्याशीं जुळला नाहीं तर माणसें चाचणीवर संशय न घेतां मोजणीवर संशय घेऊं लागतात. २००४ या एकाच वर्षांत याचीं तीन उदाहरणें घडलीं. अमेरिकेचें वर आलेंच आहे. तेथें चाचणीच्या भरंवशावर निकालाविषयीं पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. व्हेनेझुएलांत ऑगस्टमध्यें अध्यक्ष चावेझ यांना परत बोलवावें कीं नाहीं यावर मतदान झालें; एका अमेरिकन संस्थेच्या चाचणीनें ५९ टक्के लोक परत बोलावण्याच्या बाजूचे सांगितले, आणि मोजणींत जवळजवळ तितकेच टक्के विरुद्ध बाजूस निघाले. कार्टर सेंटरच्या निरीक्षकांनीं मोजणी मान्य केली. युक्रेनमध्यें नोव्हेंबरांत चाचण्यांनीं युश्चेन्को पुढें असल्याचें सांगितलें, अधिकृत निकालानें यानुकोविच यांना विजयी केलें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ३ डिसेंबरला तो निकाल रद्द केला आणि फेरमतदानांत युश्चेन्को निवडून आले. हत्यार एकच, आणि त्यानें दोनदां खोटी व एकदां खरी शंका उत्पन्न केली. युक्रेनच्या न्यायालयानेंहि निवडणूक रद्द केली ती मतदानांतील गैरप्रकारांच्या पुराव्यावर. चाचणीनें बोट दाखविलें असेल, सिद्ध कांहीं केलें नाहीं.

आपल्याकडेहि हल्लीं प्रत्येक अनपेक्षित निकालानंतर 'चाचण्यांत असें कोठें होतें?' हा प्रश्न पुराव्याच्या थाटांत विचारला जातो. आणि जो पक्ष जूनमध्यें चाचण्यांस थोतांड म्हणतो तोच ऑक्टोबरांत त्यांची साक्ष काढतो. मोजणीविषयीं शंका घेण्याचा नागरिकाचा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु त्या शंकेचें निरसन करण्याचीं साधनें वेगळीं आहेत. प्रत्येक विधानसभा क्षेत्रांतील पांच केंद्रांवरील व्हीव्हीपॅट यंत्रांच्या कागदी चिठ्ठ्या मोजून त्या मतदान-यंत्रांतील आंकड्यांशीं ताडण्याची पद्धत २०१९ पासून आहे. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्या ही मागणी सर्वोच्च न्यायालयानें २६ एप्रिल २०२४ रोजीं अमान्य केली. पांच केंद्रें पुरेशीं नाहींत असें ज्यांस वाटतें त्यांनीं तो वाद अवश्य चालवावा. तो प्रत्यक्ष मतांच्या आधारावरचा वाद आहे. ज्या मापाची खूण कोणी तपासलेली नाहीं त्यानें सरकारी माप खोटें ठरविण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ आहे. आणि ज्या दिवशीं मोजणींत खरोखरच कोणी हात घालील, त्या दिवशीं याच पोकळ चाचण्यांनीं निर्माण केलेल्या गोंधळांत खरी तक्रारहि ऐकूं येईनाशी होईल, ही गोष्ट विसरतां कामा नये.

तोंवर सामान्य वाचकानें काय करावें? पुढच्या निवडणुकीच्या सायंकाळीं घरांतील सर्व मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसतील, आणि बसूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. फक्त आंकडा पडद्यावर आला कीं चार प्रश्न विचारावे : किती जणांना विचारलें यापेक्षां ते कसे निवडले? किती जणांनीं उत्तर दिलें नाहीं? पक्षाला मतें किती टक्के मिळतील असें ही संस्था म्हणते, आणि त्यांवरून जागा कोणत्या रीतीनें काढल्या? मागच्या खेपेच्या चुकीचा हिशेब तिनें कोठें दिला आहे काय? हे प्रश्न घरोघर विचारले जाऊं लागले तर त्यांचीं उत्तरें देणें चाचणीवाल्यांस भाग पडेल. कारण त्यांचा सर्व व्यवहार शेवटीं आपल्या पाहण्यावर चालतो. उत्तरें मिळेपर्यंत त्या आंकड्यांवरून कोणीं पेढे वांटूं नयेत, कोणीं घरांतली शिल्लक बाजारांत लावूं नये, आणि मोजणी होण्यापूर्वींच तिच्यावर अविश्वास ठेवण्याची संवय मुलांबाळांना लावूं नये.